जंताचा सांगावा

आप्पा, जोतिबाच्या पायऱ्यांजवळच्या आपल्या दुकानात नारळ सोलता सोलता तुम्ही मला विचारलं होतं, "पोरी, जंताला कुठला आलाय ताप?" मी नुकतीच पुण्याच्या प्रयोगशाळेत लागले होते, मातीतल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जंतांवर काम करत होते. तुमच्या मिशांवर गुलाल, माझ्या तोंडात मोठमोठे शब्द. मी सांगितलं, त्यांच्या अंगात रक्त नाही, रोगाशी लढणाऱ्या फिरत्या पेशीही नाहीत. आतड्यात वाईट जिवाणू शिरला की पेशीतलं एक प्रथिन दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि निरोप शेवटपर्यंत पोचला की पेशी स्वतःच औषध बनवायला लागते. तुम्ही कोयता थांबवलात. "आणि मधल्यानंच सांगावा दाबला तर?" तर जंत गुमान तेच वाईट जिवाणू खात राहतो आणि मरतो, आप्पा. माझं काम तेच होतं, मधला दुवा बिघडवलेले जंत त्या जिवाणूच्या बशीत सोडायचे आणि मरताना मोजायचे.

पहिल्या पगारातून मी तुम्हाला चपला घेतल्या. शुगर असलेल्या माणसाला करकरीत नवी चप्पल, माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे. "पोरीनं दिल्यात, मऊ हुतील की," म्हणत तुम्ही त्याच घालून हिंडलात. मग फोनवर म्हणालात, "बोटाला जरा चावलीया. पर दुखत काय न्हाय." ते ऐकून मला सुटल्यासारखं झालं, कारण त्या आठवड्यात जंत मोजायचे होते. शुगरवाल्याचा पाय दुखत नाही म्हणजे पायाचा सांगावा वर पोचतच नाही, हे मला माहीत नव्हतं असं मी सगळ्यांना सांगत आले. माहीत होतं.

मी कोल्हापूरला दवाखान्यात पोचते तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळा पडलेला. नर्सबाई पट्टी सोडतात आणि द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. माझ्या बशीतलाच जिवाणू, रोज हुंगलेला. रिपोर्ट यायच्या आधी मी डॉक्टरांना त्याचं नाव सांगितलं, ते बघतच राहिले. तुम्ही तेवढ्या तापातही शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणालात, "पावणं, माझी पोरगी हाय ही. नुसत्या वासावरनं वळखतीया." त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून लिहिते. तुम्ही तसं म्हणालात तेव्हा तुमचा पाय माझ्यासमोर उघडा होता, आणि मला छान वाटलं होतं, आप्पा.