भागिरथीची वेगळी वाटी

खर्डा, १३ मार्च १९७२

प्रिय बाबांस,
प्रभूच्या नावाने तुमच्या लेकीचा सलाम.

मी खुशाल आहे. शाळेत मुलं येतात. आईचा गुडघा कसा आहे?

काल इथल्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजन झालं. मांगवाड्यातली भागिरथी बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षं येते; देऊळ तीच सारवते. द्राक्षारसाचा पेला फिरत तिच्यापाशी आला, तसा मंडळीचे कारभारी शांतवनराव यांनी तो मागे घेतला आणि तिला ॲल्युमिनियमची वेगळी वाटी दिली. शांतवनरावांच्या बापाला महार म्हणून गाव विहिरीवर चढू देत नव्हतं, हे तेच आम्हाला सांगतात.

मला त्या वागण्याची शिसारी आली. उठून मी भागिरथीच्या वाटीतलं उरलेलं प्याले.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाई, तुमी कशाला वाईटपणा घेतला? आमाला सवय हाय."

त्या सवयीची मला जास्त किळस आली.

माझी शाळेतली नोकरी शांतवनरावांच्याच हातात आहे, पण तुम्ही काळजी करू नका.

बाबा, पारनेरला तुम्ही प्रभुभोजन देता, तेव्हा दाराशी बसणाऱ्या मांगवाड्यातल्या यमुनाबाईला कोणता पेला देता? इतकी वर्षं तिथं बसून मी कधी पाहिलंच नाही. उलट टपाली खरं ते कळवा.

तुमची लेक,
सुवार्ता