व्हॅनिला, डावीकडून

१ मार्च, रविवार

सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस २९ तारखेला. आज त्यांच्या घरी बैठक झाली. मेहुण्याने हॉल घेतला, बायकोने जेवण घेतलं, माझ्या वाट्याला आईस्क्रीम आलं. उरलं ते आलं, असं मेहुणा म्हणाला. दुर्लक्ष केलं. कारण सासऱ्यांनी स्वतःहून मागितलेली गोष्ट तीच. केक नको, भाषणं नकोत, चांगलं घट्ट आईस्क्रीम ठेवा, म्हणाले. हा माणूस आयुष्यभर दातांचा डॉक्टर. लोकांना गोड खाऊ नका म्हणून सांगण्यात जन्म गेला. एखादा पेशंट बघेल या धास्तीने स्वतः कधी दुकानात बसून आईस्क्रीम खाल्लं नाही. अशा माणसाची इच्छा माझ्यावर सोपवली गेली आहे.

बायको म्हणाली, कोपऱ्यावर फोन करून ऐंशी कप सांग आणि मोकळा हो. मी म्हटलं, ही फोनवर उरकायची गोष्ट नाही.

संकल्प: शहरातलं प्रत्येक दुकान स्वतः जाऊन बघायचं. शक्यतो व्हॅनिलाच, कारण व्हॅनिलात काही लपवता येत नाही. सगळीकडे चालत जायचं, म्हणजे वजनाचा प्रश्न परस्पर मिटेल. २२ तारखेला निर्णय जाहीर.

३ मार्च, मंगळवार

कोपऱ्यावरच्या दुकानापासून सुरुवात. दोन गोळे. पहिला चमचा तोंडात गेला आणि उजवीकडे, खाली, अगदी मागे अशी कळ निघाली की थेट कानात गेली. थोडा वेळ समोरचं दरपत्रक दिसेना.

निष्कर्ष: माल भरड. गारव्यात नजाकत नाही. मालकाला शांतपणे सांगितलं की आईस्क्रीम फार गार आहे. तो म्हणाला, साहेब, आईस्क्रीमच आहे ते. गिऱ्हाइकाशी बोलायची ही रीत असेल तर हा कोपऱ्यावरच राहणार. बाद.

५ मार्च, गुरुवार. संध्या. ६.४०

बाजारातलं मोठं दुकान. संगमरवरी टेबलं, वाढणाऱ्यांच्या डोक्यावर कागदी टोप्या. अपेक्षा वाढल्या होत्या. पुन्हा तेच. उजवीकडून खाल्लं की कानापर्यंत वीज. डावीकडून खाल्लं तर उत्तम. एकाच कपात दोन प्रतींचा माल. याला सातत्याचा अभाव म्हणतात.

आमच्या मिक्सर कंपनीतून असा माल बाहेर पडला नसता. मी तिथे तक्रार विभागात आहे, मला कळतं. ग्राहकांना पत्रं लिहून लिहून हात झिजला की दोष यंत्रात नाही, वापरात आहे. इथे मात्र दोष यंत्रातच आहे. बाद.

जाताना बसने गेलो. येतानाही. चालणं उद्यापासून.

७ मार्च, शनिवार

दुसरं मत हवं म्हणून कन्येला घेऊन गेलो. शाळेसमोरचं दुकान. तिने तीन गोळे संपवले, म्हणाली, भारी आहे. आजकालच्या मुलांना जीभ म्हणून राहिलेली नाही. मी दोन चमच्यांत थांबलो. बाबा, गाल का धरलाय, असं विचारत होती. विचार करतोय म्हटलं. तिने माझा विचार करतानाचा फोटो काढून आईला पाठवला.

८ मार्च, रविवार

सासऱ्यांकडे चहा. चहा जरा जास्तच गरम होता. आज गरम पदार्थांतही तोच दोष आढळला. काळजीची बाब आहे, सगळीकडचा दर्जा घसरतो आहे.

सासरे माझ्याकडे बघत होते. म्हणाले, काही त्रास होतोय का? मी म्हटलं, कसला? म्हणाले, सहज विचारलं. मग पेपर वाचू लागले.

दवाखाना बंद केला तरी त्यांनी जुनी खुर्ची बाहेरच्या खोलीत ठेवली आहे. घरातलं कोणीही आलं की त्यात बसतं आणि तोंड उघडतं. बायको, मेहुणा, कन्या, मेहुण्याच्या बायकोची मावशी. एक मी सोडून. लग्नाआधी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा मीच सांगितलं होतं, माझे दात एकदम ठणठणीत, आमच्या घराण्यात कोणाला कीड माहीत नाही. सासरवाडीत प्रत्येकाचं काही ना काही वजन असतं. मेहुण्याचं त्याच्या गाडीवर आहे, माझं दातांवर. ते मी असं कोणालाही उघडून दाखवणार नाही.

११ मार्च, बुधवार

शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कला विचारलं, एका मित्राला उजवीकडे गार लागलं की कळ येते, काय करावं? तो म्हणाला, मित्राला सांग लवंग धर आणि डॉक्टरकडे जा. निम्मा सल्ला घेतला.

संध्याकाळी स्टेशनसमोरच्या दुकानात स्ट्रॉबेरी घेतली. व्हॅनिला संपलं होतं. लवंग आणि स्ट्रॉबेरी हे मिश्रण कोणी बाजारात आणलं नाही, याला कारण आहे.

१३ मार्च, शुक्रवार

सापडलं.

बस डेपोच्या मागे, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून. दोन बाकं, एक म्हातारा फ्रीज, त्याच्याइतकाच थकलेला मालक. व्हॅनिला मागितलं. उजवीकडून खाल्लं. शांत. डावीकडून खाल्लं. शांत. मऊ, समजूतदार, कुठेही आगाऊपणा नाही. चमच्याची फारशी गरज पडली नाही, कप तोंडाला लावला तरी येत होतं. डोळे मिटून घेतले.

मालक म्हणाला, माफ करा साहेब, सकाळपासून फ्रीजचं मशीन बंद आहे, उद्या या, नीट देतो. स्वतःच्या मालाबद्दल इतकं कमी बोलणारा दुकानदार मी पाहिला नव्हता. दुसरा कप घेतला.

१४ मार्च, शनिवार

खात्री करायला परत गेलो. मेकॅनिक आलाच नव्हता. चव कालच्याहून सरस. मालकाला सांगितलं, २९ तारखेला ऐंशी कप हवेत, दुपारी, हॉलवर. तो उभाच राहिला. म्हणाला, साहेब, तोपर्यंत मशीन नक्की करून घेतो, काळजी करू नका. मी म्हटलं, मशीनला हात लावू नका. हे असंच पाहिजे.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. पारखी माणूस त्याला रोज कुठे भेटणार?

१७ मार्च, मंगळवार

डेपोवाल्याचा एक डबा नमुन्यादाखल घरी आणला. बायकोने झाकण काढलं आणि विचारलं, हे दूध कुठून आणलंस? मी वाढण्याच्या तापमानाविषयी चार शब्द सांगितले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुला हवं ते कर, पण बाबांनी आजवर आमच्याकडे कधी काही मागितलेलं नाही, एवढं लक्षात ठेव. आणि भांडी घासायला गेली.

थोडं लागलं. पण थोर निर्णय घेणाऱ्याला घरात समजून घेणारं कोणी नसतंच. रात्रीचं जेवण सोडलं. निषेध म्हणून नव्हे, चावता येत नव्हतं.

२२ मार्च, रविवार

निर्णय जाहीर केला. मेहुणा फोनवर म्हणाला, डेपोच्या मागे? तिथे माणसं टायर बदलायला जातात. सासऱ्यांनी फोन हातात घेतला आणि विचारलं, घट्ट असतं ना? मी म्हटलं, बाबा, घट्टपणा म्हणजेच सगळं नसतं. ते म्हणाले, बरं.

त्यांच्या त्या ‘बरं’नंतर उगाच डेपोवाल्याला फोन करावासा वाटला. करून काय सांगणार होतो? ठेवून दिला.

२६ मार्च, गुरुवार

आरशात पाहिलं. वजन वाढलेलं दिसतंय, पण फक्त उजवीकडे. आईस्क्रीमचे परिणाम असे एका बाजूला दिसतात हे कोणी सांगितलं नव्हतं. दाढी केली नाही. ऑफिसात साहेब म्हणाले, दाढी वाढवताय? हो म्हटलं.

संकल्प: वाढदिवस झाला की दूरच्या एखाद्या भागात, आपल्याला कोणी ओळखत नाही अशा डॉक्टरकडे जायचं. केवळ सल्ला घ्यायला. उपचाराचं नंतर बघू.

२९ मार्च, रविवार. दुपारी ४.३०

घरी आलो आहे. डावा हात गालावर, उजव्याने लिहितोय.

जेवणं झाली. डेपोवाला डबे घेऊन आला. धुतलेला शर्ट, तेल लावलेले केस. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, साहेब, तुम्ही म्हणालात हात लावू नका, पण तुम्ही एवढा विश्वास टाकला, मलाच लाज वाटली. नवीन मशीन बसवलं. झाकण उघडलं. आत दगड. चमचा मारला की टक्क आवाज येत होता.

त्याला म्हटलं, थोडा वेळ उन्हात ठेवता येईल का? तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

कप वाटले गेले आणि हॉलभर टक्क टक्क सुरू झालं. मग एकेक जण येऊन माझी पाठ थोपटू लागला. असं आईस्क्रीम कित्येक वर्षांत खाल्लं नाही, म्हणे. मेहुण्याने तिसरा कप घेतला आणि तो टायरबद्दल काही बोलला नाही. बायको लांबून माझ्याकडे बघून हसली. अशी ती पुष्कळ दिवसांनी हसली. मी सगळ्यांचं नम्रपणे स्वीकारत होतो आणि माझा कप खुर्चीखाली सारत होतो.

तेवढ्यात सासरे स्वतः आले. हातात कप, त्यावर भरलेला चमचा. सगळ्यांसमोर म्हणाले, ज्याने निवडलं त्याने अजून खाल्लंच नाही. घ्या, जावईबापू.

नाही कसं म्हणणार? तोंड उघडलं. चमचा उजवीकडे गेला.

ओरडलो नाही, एवढं मी स्वतःला श्रेय देतो. पण डोळ्यांतून धारा लागल्या. थांबेनात. मेहुण्याची बायको म्हणाली, किती जीव आहे बघा सासऱ्यांवर. दोघीतिघींनी डोळे पुसले. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. फोटो निघाले.

सासरे शेजारी बसले. माझ्या हातातून कप काढून घेतला. टाळ्या चालूच होत्या, त्या आवाजात त्यांनी विचारलं, वरची की खालची?

मी म्हटलं, खालची.

उजवी?

मान हलवली.

किती दिवस?

गेल्या वर्षापासून, म्हटलं. हे माझ्याच तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यांनी माझा उरलेला कप खाऊन संपवला. म्हणाले, उद्या दहाला या. रिकाम्या पोटी येऊ नका.

३० मार्च, सोमवार

रजा टाकली. कारण लिहिलं: कौटुंबिक काम.

खुर्चीत बसायचा निर्णय पूर्णपणे माझा होता. सासूबाईंनी दाराला आतून कडी लावली ती वाऱ्यामुळे.

दिवा लावून त्यांनी पाहिलं आणि नुसतं हं म्हणाले. दाढ वाचण्यासारखी नव्हती. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला सांगायला हवं होतं. ते भुलीचं इंजेक्शन भरत होते. म्हणाले, पहिल्यांदा घरी आलात तेव्हा तुम्ही तोंडावर हात ठेवून हसत होतात. ठणठणीत दातांचा माणूस असा हसत नाही. तेव्हाच कळलं होतं.

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?

ते म्हणाले, पेशंट मला पुष्कळ होते. जावई एकच होता. खुर्चीत बसवला असता तर यायचा बंद झाला असता. उघडा.

मी उघडलं. हात अजून स्थिर आहे त्यांचा. दुखलं नाही. सासूबाई दुसऱ्या खोलीतून सांगतात की मी ओरडलो, पण तो रस्त्यावरचा आवाज असावा.

१२ एप्रिल, रविवार

जखम भरली. परवा सासऱ्यांचा फोन आला. म्हणाले, आता मला बघायला कोणी पेशंट उरला नाही. तुम्ही पाहिलेली दुकानं एकेक करून मला दाखवा. काल कोपऱ्यावरचं दाखवलं. आज बाजारातलं.

आता तोंड दोन्हीकडून चालतं, तेव्हा परीक्षा नव्याने आणि काटेकोर केली. काल उत्तम. आज उत्तम. फरक शोधायचा खूप प्रयत्न केला. शेवटी, फरक जिभेला कळत नसेल तर मुळातून समजून घ्यावा, म्हणून दुकानाच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे एक गाडी उभी होती, ड्रायव्हर डबे उतरवत होता. विचारलं, हे यांच्या कारखान्यातून येतं का? तो म्हणाला, यांचा कसला कारखाना? शहरात एकच कारखाना आहे, हायवेवर. सगळ्या दुकानांना आम्हीच देतो, फक्त कपावरचं नाव वेगळं. मी डेपोमागच्या दुकानाचं विचारलं. म्हणाला, त्यालाही. गेल्या महिन्यात कोणाची तरी मोठी ऑर्डर होती, डबे मीच नेऊन टाकले.

गाडीजवळ जरा उभा राहिलो. ड्रायव्हरने विचारलं, बरं वाटत नाही का? बरं आहे म्हटलं.

आत आलो. सासऱ्यांनी दुसरा कप मागवला होता. चमचा तोंडात धरून, डोळे बारीक करून बसले होते. जन्मभर लोकांच्या तोंडात ज्या एकाग्रतेने बघितलं, त्याच एकाग्रतेने चव घेत होते. म्हणाले, जावईबापू, कालच्यापेक्षा यात दूध जास्त आहे. कळतंय का तुम्हाला?

मी एक चमचा घेतला. नीट घोळवला.

म्हटलं, बरंच जास्त आहे, बाबा.