सोमवारची बाटली

४ जुलै

कुंडी फोडली. लाथेने! नुसत्या पाण्याच्या रांगेतली होती, जिवाणूंच्या नव्हे – तेवढं भान होतं मला.

दोन्हीकडची भाताची रोपं अजून सारखीच! डाव्या रांगेला दर सोमवारी जिवाणूंचं पाणी घालतोय, उजवीला साधं. एव्हाना डावीकडची गुडघ्याला लागायला हवी होती, बुंध्यातून फुटवे नुसते उसळायला हवे होते. कसलं काय! जुळ्या बहिणी उभ्या केल्यासारख्या दोन्ही रांगा. माळी म्हणाला, "साहेब, कुंडीचा काय दोष?" त्याच्याकडे असं बघितलं की झाडू उचलून चालता झाला.

५ जुलै

पायाचा अंगठा सुजलाय. बूट चढत नाही.

९ जुलै

हा जिवाणू मी आणि हिने मिळून शोधला, लग्नाच्याही आधी. बांधावरच्या गवताच्या मुळाशी सापडला. दांडगा आहे! मातीत आधीचे लाखो ठाण मांडून बसलेले असतात, नवा कोणी आला की तुटून पडतात त्याच्यावर. हा घुसतोच. मुळाला चिकटतो, लोह पळवतो, बुरशीला उपाशी मारतो, शेजारपाजारची सगळी वस्ती बदलून टाकतो – आणि भाताला पोसतो. ही म्हणायची, "तुला त्यातली मारामारीच तेवढी आवडते."

आवडते! मग?

प्रयोग जमला की बाहेरगावच्या शेतकेंद्रावर नेमणूक. प्रकल्प दोघांच्या नावावर, म्हणजे जायचं दोघांनी. राहायला क्वार्टर. ही गेले दोन महिने माहेरी आहे. पण सासूबाईंनी शब्द दिलाय मला – "नेमणूक होऊ दे, मी स्वतः आणून सोडते तिला. असा कोणी संसार मोडतं का?" झालं तर मग. रोपं वाढली की ही घरी. म्हणून तर जीव टांगणीला लागलाय माझा.

आणि गेली तरी कशावरून? एक ताट भिंतीवर आपटलं. एक थप्पड. बरं, दोन. मनगट तर तिचं पडून मोडलं – मी नुसतं ढकललं होतं.

११ जुलै

सोमवार. ही प्रयोगशाळेतल्या तिच्या खोलीत जिवाणू वाढवते, बाटली काचघराच्या खिडकीत ठेवते आणि मी पोचायच्या आत निघून जाते. आज मुद्दाम लवकर गेलो. पाठमोरी दिसली. हाक मारली तर झपाझप चालायला लागली.

मनगटाचं प्लास्टर निघालंय. बरं वाटलं बघून. बाटली छान गढूळ होती. सगळी ओतली, डाव्या रांगेला.

१४ जुलै

पकडला! शेजारच्या टेबलावरचा टापटीप – पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावतो म्हणून आम्ही ठेवलेलं नाव – माझ्या कुंड्यांवर वाकलेला. हातात माझ्या कुंड्यांवरच्या खुणेच्या पाट्या! डोकंच फिरलं. म्हणजे हा पाट्या बदलतोय, डावीच्या उजवीला, म्हणून रांगा सारख्या! कॉलर धरून काचेवर आपटला. काच गेली. तो "अरे, गळून पडल्या होत्या, चिकटवतोय फक्त" असं काहीतरी बरळत होता. दुसरा ठोसा नाकावर बसला. कट्कन आवाज आला. तरी हात थांबेना. शेवटी माळ्याने मागून मिठी मारून ओढलं मला. रक्त टापटीपच्या शर्टावर, रोपांवर, माझ्या मुठीवर.

खोटं कशाला लिहू – मारताना बरं वाटत होतं.

१५ जुलै

आमच्या प्रमुख बाईंनी बोलावलं. "तो तक्रार करत नाहीये, हे तुझं नशीब. माफी माग त्याची."

मागेन. आधी पुरावा त्याच्या तोंडावर फेकेन, मग मागेन!

दोन्ही रांगांतली दोन-दोन रोपं उपटली. मुळं धुऊन, कुटून जिवाणू वाढवायच्या प्लेटवर पसरली. आमचा जिवाणू निळ्या दिव्याखाली हिरवा चमकतो, लपू शकत नाही. उजव्या रांगेच्या मुळांवर सापडला की टापटीप संपला.

१८ जुलै

प्लेटवर भरपूर वस्ती. पांढरे ठिपके, पिवळे ठिपके, एक गुलाबीही. हिरवा एकही नाही. उजव्या रांगेत नाही आणि डाव्या रांगेतही नाही!

म्हणजे पाट्या कोणी बदलल्याच नव्हत्या. आमचा जिवाणू मुळांपर्यंत पोचलाच नाही, कुठल्याच कुंडीत. टापटीप खरंच पाट्या चिकटवत होता. लाज वाटली. अगदी जेवणापर्यंत वाटत होती. तो आज बँडेज लावून आला, मला बघून जिन्यातूनच मागे फिरला.

पण मग जिवाणू गेले कुठे? आजची बाटली आली होती. कुंड्यांना घातली नाही. त्यातलाच थेंब प्लेटवर पसरलाय.

२० जुलै

प्लेट कोरी. एक ठिपका नाही! पुसून ठेवल्यासारखी लख्ख!

बाटलीतले सगळे मेलेले. आणि मी गाढव, पाणी गढूळ दिसतंय म्हणून जिवंत समजत होतो! उकळलेले जिवाणूही तसेच गढूळ दिसतात, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना मीच शिकवतो. इतके आठवडे मी भाताला मढी पाजत होतो.

कोणीतरी करतंय हे. हिच्या खोलीत शिरून, हिच्या नकळत. इतक्या वर्षांची मेहनत आमची! सापडू दे, हातपाय मोडून ठेवतो. उद्या सरळ सासूबाईंकडे जाणार. हिला सांगायलाच हवं. या निमित्ताने बोलणं तरी होईल.

२१ जुलै

दार हिनेच उघडलं. म्हटलं, "अगं, आपले जिवाणू कोणीतरी मारतंय!"

"मीच," म्हणाली. "दर सोमवारी उकळून ठेवते. रोपं वाढली असती, तर मला तुझ्याबरोबर यावं लागलं असतं."

मग तिने डोळे गच्च मिटून घेतले. का, ते आधी समजेना. मग दिसलं – माझा हात वर गेला होता.