इम्तीचा सत्कार

डोंबिवली, बुधवार

आदरणीय देवराममामा,

राजरत्नचा सविनय जयभीम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींनाही जयभीम. आई बरी आहे. (फोन केला नाही, कारण तुम्ही मध्येच "मुद्द्यावर ये" म्हणता आणि मग मला मुद्दाच आठवत नाही.)

आमच्या रंगाच्या कंपनीत नागालँडचा इम्ती नावाचा मुलगा आहे. वर्षभर लॅबमध्ये माझ्या शेजारी काम करतो, आणि गेल्या शुक्रवारी तो नोकरी सोडून गेला. त्याला आम्हीच घालवलं, तेही सन्मानाने, म्हणून सविस्तर लिहितो. त्याला सगळे 'चिनी' म्हणायचे. पॅकिंगचा महेंद्र तर त्याचा डबा उघडला की विचारायचा, "काय रे चिनी, आज साप की बेडूक?" (डब्यात रोज डाळभात. मी पाहिलाय.) इम्ती डबा संपवून कामाला लागायचा. शेवटी आमच्या लॅबच्या चित्रामॅडमनी तक्रार केली. मग साहेबांनी सर्वांना सामावून घेण्यासाठी समिती नेमली आणि अक्षर बरं म्हणून मला चिटणीस केलं. बारावी अर्धवट सोडलेल्याला पहिल्यांदाच पद मिळालं. मी नवी वही आणून पट्टीने समास आखले.

पहिल्या बैठकीत चहा झाला. दुसरीत महेंद्रने विचारलं, "म्हणजे आता मस्करी पण नाय करायची?" त्यावर पाऊण तास गेला. तिसरीत इम्तीला शाल आणि नारळ देऊन सत्कार करायचं ठरलं. (सूचना माझी होती. वहीत नोंद आहे.) मानपत्र मी स्टोअरमधल्या धाकूकाकांच्या गेल्या वर्षीच्या मानपत्रावरून उतरवलं. नाव बदललं, बाकीचा मजकूर चांगला होता म्हणून तसाच ठेवला: आपली सेवा कंपनी कधीही विसरणार नाही, आपले पुढील आयुष्य सुखाचे जावो. मामा, आमच्याकडे शाल-नारळ फक्त रिटायर होणाऱ्याला देतात, हे इतक्या माणसांत कोणाच्याच लक्षात आलं नाही. इम्तीच्या आलं. त्याने सगळ्यांशी हात मिळवला, महेंद्रशीसुद्धा. लॉकरची किल्ली आणि सेफ्टी शूज माझ्या टेबलावर ठेवले आणि गेला. साहेब म्हणाले, "बघा, पोरगा किती भारावला."

शनिवारी तो आला नाही. रविवारी आंबिवलीला त्याच्या खोलीवर गेलो. बॅग भरलेली, वर शालीची घडी. तो म्हणाला, "राज भाई, निकालना था तो सीधा बोलते. नारियल क्यों खर्च किया?" मी आईची शपथ घेऊन सांगितलं की तो सत्कार होता. तो इतका हसला की शेवटी त्यालाच खोकला आला. पण बॅग काही उघडेना. विचारलं तर कळलं, घरमालकानेही महिनाअखेरीस खोली सोडायला सांगितलंय. शेजारी विचारतात म्हणे, हा कुठला. त्याने आठ खोल्या पाहिल्या. फोनवर हो म्हणतात, समोर गेला की नाही. खोली मिळाली नाही तर तो गावी परत जाणार.

तेव्हा मला राहवलं नाही. चहाच्या यादीत वर्षभर 'चिनी, एक, बिनसाखर' लिहिणारा मीच, हे मी त्याला सांगून टाकलं. (शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती, पण ते काही मी बोललो नाही.) तो म्हणाला, "पता है. इतना अच्छा हैंडरायटिंग और किसका है?" मी माफी मागितली. त्याने चहा केला, मी तो बिनसाखरेचाच प्यायलो.

सोमवारी तो कामावर आला. महेंद्रने जमिनीकडे बघत डबा पुढे केला, "घे, बोंबील आहेत. तुला चालतात ना?" इम्तीने चार घेतले. महेंद्रला एकच उरला. आता प्रश्न फक्त खोलीचा आहे.

तुमचा भाचा,
राजरत्न

ता. क. तुमची मागची खोली रिकामी आहे, असं आई म्हणते. बाहेरच्या पाटीवर 'फक्त आपल्यातल्यांना' असं आहे. ती पाटी मीच रंगवून दिली होती. डोंबिवलीत खोली शोधताना तुमचं आडनाव ऐकून लोक पाणीही न विचारता परत पाठवायचे, हे तुम्हीच मला सांगितलंत. हे तीनदा खोडून लिहिलं, म्हणून इथलं अक्षर वाईट आलंय. माफ करा.

ता. क. २. तुम्ही हो म्हणालात, असं मी इम्तीला सांगून बसलोय. हे पत्र घेऊन आलेला मुलगा तोच. खरं तर हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, कारण तुम्ही चष्मा शोधून इथवर वाचेपर्यंत तो बाहेर उन्हात उभा असेल. त्याला आत घ्या.