मिल्ड्रेड या नावाचा अर्थ

प्रिय मिल्ड्रेड,

गेल्या रविवारी तू माझ्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवलीस, तिथंच माझं सगळं बदललं.

लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून; तुमचा तो दुसरा रविवार. तुझं आणि पर्सीचं लग्न ठरल्याचं वाचून दाखवून पाद्रीबाबांनी विचारलं, "कुणाची हरकत?" आणि मी ताडकन उठलो. सगळं गाव माना वळवून बघायला लागलं. मी तोंड उघडणार, तोच तू पुढच्या बाकावरून म्हणालीस, "काही नाही, पाद्रीबाबा. अँब्रोजला खोकला झालाय." मग उठून आलीस, गोळी दिलीस आणि हळूच म्हणालीस, "चघळ, आणि बस खाली."

मी बसलो!

कॉलेज अर्धवट सोडून आलो तेव्हा तुला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, की तुझं नाव जुन्या इंग्रजीतल्या दोन शब्दांचं आहे, एक सौम्य आणि दुसरा बळ. आमचे बाबा म्हणाले, "एवढी फी भरली, आणि पठ्ठ्या एका पोरीच्या नावाचा अर्थ शिकून आला!" खरं तर तोही मला कळला नव्हता. सौम्य माणसात कसलं आलंय बळ, असंच वाटायचं. तू ओरडली असतीस तर मी भांडलो असतो, आणि गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती. माझी लाज तू राखलीस. हे उपकार जन्मभर विसरणार नाही.

आज तिसरा, शेवटचा रविवार. घंटा वाजायला लागल्यात. हे पत्र तुला देणार नाही, खणात ठेवतोय. पाद्रीबाबा विचारतील तेव्हा मी गप्प बसेन, कुणी गोळी दिली नाही तरी. निघालो. दार ओढून घेतो.

तुझ्या गावचा,
अँब्रोज