स्नूकबार्स आणि हर्णैचे सासरे

३ मे, शनिवार
ठरलं. यंदा स्नूकबार्स पकडायचा. मोठ्या डोळ्यांचा, नदीतला शिकारी मासा. घरापासून दहा मिनिटांवर आयसेल नदी वाहते आणि नेदरलँड्समधल्या आमच्या कापेल गावातले समस्त मराठी लोक सुपरमार्केटातले चौकोनी फ्रोझन तुकडे खातात. शी! त्याला मासा म्हणत नाहीत, पुठ्ठा म्हणतात.
शिवाय सासरे येताहेत. यादवराव, म्हणजे आमचे नाना, हर्णैचे. त्यांना दोन वर्षं व्हिडिओ कॉलवर सांगतोय की मी वीकेंडला मासे पकडतो. खोटं नाही. मनात होतंच.
अंडी घालायचा काळ म्हणून मेच्या शेवटच्या शनिवारपर्यंत पकडायला बंदी. म्हणजे तयारीला चार आठवडे. भरपूर.

१० मे
रॉड आला. फिसपास काढला, म्हणजे मासेमारीचा परवाना. यूट्यूबवर अकरा व्हिडिओ पाहिले. बाराव्यात एकाने माशाच्या तोंडात बोटं घालून गळ उपसला. लॅपटॉप बंद केला. किळस वगैरे नाही. जेवायची वेळ झाली होती.

१७ मे
आमिष आणलं. मेलेले छोटे मासे, फ्रोझन. पाकिटातून सगळे माझ्याकडेच बघतात. यामिनीचे भांडी घासायचे हातमोजे घालून फ्रीजरमध्ये वाटाण्यांच्या मागे ठेवलं. यामिनी म्हणाली, ते हातमोजे आता तुझ्याकडेच ठेव. बायकोचा हा असा सपोर्ट.
दुपारी बाल्कनीतून गळ फेकायची प्रॅक्टिस. खालच्या मजल्यावरच्या आजींच्या वाळत घातलेल्या चादरीत अडकला. डच लोकांना स्पोर्ट्सची कदर नाही.

२० मे
नाना आले. बॅगेत सुके बांगडे. स्किपोल विमानतळापासून घरापर्यंत ट्रेनचा आख्खा डबा आमच्याकडे बघत होता. मी तोंडाने श्वास घेत होतो.
नानांनी विचारलं, प्रतापराव, तुम्ही खवले कशाने काढता? म्हणालो, इथली सिस्टिम वेगळी आहे. नाना माझ्या बोटांकडे बघत राहिले. इम्प्रेस झाले असावेत.

२५ मे, रविवार
जेवायला वरणभात आणि कुरकुरीत तळलेली मांदेली. सात खाल्ली. विचारलं, इथे मांदेली कुठे मिळाली? नाना म्हणाले, तुमच्याच फ्रीजरात, वाटाण्यांच्या मागे.
बाथरूममध्ये पाऊण तास होतो. बाहेर आलो तेव्हा नाना यामिनीला म्हणत होते, जरा शिळी होती, पण लसणाने झाकलं.
आमिष संपलं. हरकत नाही. रबरी मासा वापरू. अधिक सायंटिफिक. अधिक स्वच्छ.

३० मे
उद्या ओपनिंग. साडेपाचला धक्क्यावर. नानांना सांगितलं, तुम्ही फक्त बघा. सव्वासातपर्यंत मासा, आठला घरी, दुपारी कालवण. हातमोजे घेतले. दोन जोड.

३१ मे, शनिवार
सहा ते नऊ काही नाही. पाणी घाण, बदकं घाण. शेजारचा एक म्हातारा डच ज्या हाताने गाळात पडलेला गळ पुसत होता त्याच हाताने सँडविच खात होता. शी.
नऊ वाजून दहा मिनिटांनी रॉड वाकला. मी दोरी गुंडाळत गेलो. नाना म्हणाले, थांबा, फोटो काढतो. मासा वर आला. बावन्न सेंटिमीटर, नियमात बसणारा. बुळबुळीत. तोंड उघडं. माझ्या पायावर आपटला.
कोणीतरी किंचाळलं. मी सेफ्टीसाठी बाकावर उभा राहिलो. उंचावरून परिस्थिती नीट दिसते. नानांनी मासा उचलला, गळ काढला, एका फटक्यात काम संपवलं. हात पँटला पुसले. शी.
टेक्निकली मासा माझाच. परवाना माझा, रॉड माझा.
घरी नानांनीच कापला. मी त्या वेळात ऑफिसचे ईमेल पाहिले. शनिवारीही काम असतं.

१ जून, रविवार
सकाळी हर्णैला व्हिडिओ कॉल. यामिनीचं आख्खं माहेर स्क्रीनवर. सगळे विचारायला लागले, तर सांगणं भाग होतं. मासा कसा लढला, मी कसा पाण्याच्या कडेला घट्ट उभा राहिलो, गळ काढताना अंगठा कुठे ठेवायचा असतो. वीस मिनिटं. नाना शेजारी बसून मान हलवत होते. सरलामावशींनी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणालो, सवयीचा भाग आहे. रमेशभावजी म्हणाले, वा! कोणी मध्ये बोललं नाही. इतकं नीट कोणी कधी ऐकून घेतलं नव्हतं माझं.

रात्री ८
यामिनीने आत्ता भांडी पुसता पुसता सांगितलं. नानांनी काल फोटो म्हणून जे काढलं तो व्हिडिओ होता. एक मिनिट चार सेकंद. बाकावरचा मी, आवाजासकट. त्यांनी तो कालच धक्क्यावरूनच माहेरच्या ग्रुपवर टाकला. मी त्या ग्रुपवर नाही.
म्हणजे आज सकाळी सगळ्यांनी तो बघितलेला होता.
विचारलं, मग कोणी हसलं कसं नाही? यामिनी म्हणाली, नानांनी ग्रुपवर खाली लिहिलं होतं, जावईबापू सांगतील ते ऐकून घ्या.