पहिला देणगीदार घरचा

४ मार्च
आजपासून मी विमा विकत नाही! जंगल राखणाऱ्या एका संस्थेत देणग्या मिळवायचं काम लागलं. अकरा वर्षं लोक मला पाहून रस्ता ओलांडत होते. आता निदान चांगल्या कामासाठी ओलांडतील. ऑफिस जंगलाला अगदी लागून आहे. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, आणि माझ्या टेबलाला चक्क खिडकी. संस्था चालवणाऱ्या ताईंनी स्वतः चहा करून दिला. इथली पद्धत अशी, की नव्या माणसाचा पहिला देणगीदार घरचाच हवा. मी लगेच आईला गाठलं. ती म्हणाली, तुझ्या इतक्या पॉलिसी घेतल्या, आता एका झाडानं काय होणार आहे. अर्जावर सही करून मोकळी झाली.

७ मार्च
रखवालदाराबरोबर जंगलात हिंडले. प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी आणि तिच्यावर देणगीदाराचं नाव. पूर्वी इथे काही जगत नसे, पाट्या आल्यापासून एकही रोप मेलं नाही, असं तो म्हणाला. सांगताना खूश मात्र दिसला नाही. आईची पाटी मी स्वतः तारेनं बांधली. रोप जेमतेम कंबरेएवढं. फोटो पाहून आईनं विचारलं, ही काडी होय माझी? हिला जरा खायला घाला म्हणावं.

१५ मार्च
जुन्या देणगीदारांना आभाराचे फोन केले. बावीस फोन, पण एकानंही स्वतः उचलला नाही. एकीचा नवरा म्हणाला, ती खिडकीशी उभी आहे. एका सुनेनं सांगितलं, बाबा अंगणात उभे आहेत, हाक मारली तरी येत नाहीत. कधीपासून, असं विचारल्यावर तिनं फोन ठेवून दिला. ताई म्हणाल्या, उन्हानं लोक वैतागलेत. असेलही.

२१ मार्च
आई जेवत नाही. सकाळपासून गच्चीवर उन्हात उभी आहे, तोंड जंगलाकडे. फक्त पाणी मागते. बस म्हटलं तर म्हणते, बसायचं कसं तेच आठवत नाही गं. डॉक्टर येऊन ऊन लागलंय म्हणून गेले. मी तिचे पाय चोळले. गुडघे वाकत नाहीत.

२२ मार्च
सकाळीच जंगलात धावले. रोप माझ्या डोक्याच्या वर गेलंय. खोडाला हात लावला तर कोमट, आईच्या कपाळासारखं. तार तोडणार तोच रखवालदारानं माझा हात धरला. त्यानं आपल्या बायकोची पाटी अशीच ओढून काढली होती. ती उभी होती तिथेच कोसळली, पुन्हा उठली नाही.

ताईंचे पाय धरले. त्यांनी शांतपणे सांगितलं, की झाड माणसाला सोडत नाही, बदलून घेतं. दुसऱ्या कुणी आपल्या हातानं सही केली, की त्याची पाटी लावायची, मग पहिला सुटतो. म्हणूनच पहिला देणगीदार घरचा घेतात, माणूस जीव तोडून काम करतो. आणि वर मलाच विचारलं, जंगल जगायला हवं ना?

२४ मार्च
दिवसभर वणवण. मैत्रिणी, जुने ग्राहक. अर्ज पुढे केला की माझाच हात मागे येतो. मावसबहीण तर पेन उघडून बसली होती. तिची छोटी तिच्या मांडीवर — मी अर्ज फाडला. ती म्हणाली, तुला वेड लागलंय. कुणाची आई द्यायची मी, माझ्या आईसाठी?

२५ मार्च
आईच्या पापण्या मिटत नाहीत. ओठांना पाणी लावलं, ते ओघळून गेलं. आई गं, बोल ना. एकदा तरी रागाव.

२६ मार्च
सही केली. माझीच. पाटी बदलली. घरी फोन लावला — आईनं उचलला! भूक लागलीय म्हणाली. मी रस्त्यातच हमसून रडले.

३० मार्च
ऑफिसात, खिडकीशी. उभ्यानंच लिहितेय. घरी गेले नाही, आईनं असं पाहायला नको. ती जेवते, झोपते. बास. ऊन बरं वाटतं. बोटं अजून वळतात —

१ एप्रिल
आई आलीय. ताईंनीच बोलावलं. सगळं सांगितलं तिला. मी सुटले की पुन्हा कामाला लागेन म्हणे —

आईनं गालावरून हात फिरवला. कोरा अर्ज मागितला. माझी जीभ हलत नाही. वही दाखवतेय — आई, नको — चष्मा नाही तिच्याकडे. विचारतेय, पोरीनं काय लिहिलंय —

ताई वाकून बघतात. सांगतात, लिहिलंय, आई मला सोडव —

नाही. नाही. मोठ्या अक्षरात —

आई सही न